दादाची शाईची पेनं

ऑपरेशननंतर दादाला वॉर्डात आणलं, तेव्हा नर्सनं त्याच्या उशाशी एक वही आणि एक बॉलपेन ठेवलं. "अब जो बोलना है, इसमें लिखना, अंकल," असं म्हणून ती पुढच्या पलंगाकडे गेली.

दादानं पेन हातात घेतलं. डाव्या हाताला सलाइन, गळ्याला पट्ट्या, नाकात नळी. दादा शिंपीकाम करतो. जन्मभर कात्री चालवून त्याचा उजवा अंगठा जाड झालाय, आणि सांध्यात दुखतोही. बॉलपेनला दाब लागतो, तो त्याला देता येईना. कागदावर नुसते पांढरे ओरखडे उठत होते. थोडा वेळ त्यानं खटपट केली, मग पेन चादरीवर टाकून दिलं आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत गेलं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी पर्समधलं माझं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि दादाच्या बोटांत ठेवलं.

"दाबू नको," मी म्हणाले. "नुसतं टेकव. ते आपलं आपण चालतं."

त्यानं टेकवलं. निळी ओळ उमटली. वाकडी, खाली घसरत गेलेली, पण उमटली. त्यानं लिहिलं होतं, "तहान." पाणी तर अजून द्यायचं नव्हतं. वहिनींनी कापूस भिजवून त्याचे ओठ ओले केले. नंतर पेन परत घ्यायला मी हात पुढे केला, तर त्यानं मूठ आवळून घेतली.

ते पेन काही भारी नव्हतं. माझ्याकडे भारी पेन एकही नाही. मी देवासला शाळेत शिकवते आणि मला शाईच्या पेनांचा नाद आहे, पण तो आपल्या ऐपतीतला नाद. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मुलांसाठी येतात ती पेनं, झाकलेल्या निबेची चिनी पेनं ज्यांचं टोक चिमणीच्या चोचीएवढंच बाहेर दिसतं, ड्रॉपरनं शाई भरायची जाड प्लास्टिकची पेनं. एखाद्या पेनाची निब खरखरली तर मी ती बारीक पॉलिश पेपरवर फिरवून गुळगुळीत करते. एखाद्याची शाई कमी उतरत असली, तर निबेच्या फटीत पातळ पत्रा सरकवून ती जराशी मोकळी करते. महागाचं पेन लोक पेटीत ठेवतात, स्वस्त पेन वापरतात. मला वापरलेलं पेन आवडतं. एक पेन महिनाभर हातात राहिलं की ते आपल्या धरण्याला सरावतं आणि आपण त्याच्या चालण्याला.

दादाला या नादाचं हसू यायचं. धारला गेले की तो माझी पर्स उघडून बघायचा आणि म्हणायचा, "छोटे, एवढी पेनं घेऊन फिरतेस, सगळ्यांनी एकच 'अ' काढतेस ना?"

"तू सगळ्या सुयांनी एकच टाका घालतोस का?" मी विचारायचे.

"त्याची बात वेगळी," म्हणून तो मोठ्यानं हसायचा. त्याचं हसणं रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जायचं. दादा बोलका माणूस होता. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तो त्याच्या गावची, सोयाबीनची, जावयाची, सगळी खबर काढायचा. मापं तोंडानं पुकारायचा आणि वहिनी लिहून घ्यायच्या. लोक कपडे शिवायला यायचे तसे बोलायलाही यायचे.

मग त्याचा आवाज बसला. आधी म्हणाला, कापडाच्या तंतूंनी घसा धरलाय. मग म्हणाला, विडी कमी केली की जाईल. विडी कमी झाली नाही आणि आवाज तर उतरतच गेला. धारच्या डॉक्टरांनी इंदूरला पाठवलं. इंदूरच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघून आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, की गाठ स्वरयंत्रात आहे आणि आख्खं स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वास पुढे गळ्याच्या भोकातून घ्यायचा, जन्मभर. बोलता येणार नाही.

दादानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "और बाकी सब रहेगा?"

"बाकी सब रहेगा," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दिवसभर बोलत होता. एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून सांगत होता, तुमची पँट तयार आहे, घेऊन जा, माझी वाट बघू नका. त्याची मुलगी, माझी भाची, त्याच्यासमोर मोबाइल धरून बसली होती. तिला त्याचा आवाज भरून ठेवायचा होता. दादा चिडला. "मी काय मरायला चाललोय? ठेव तो फोन." तिनं ठेवला. त्याचं पुढे तिला फार लागून राहिलं. अजूनही राहिलंय.

माझं पेन घेऊन दादा धारला घरी आला. तोवर त्याला लिहिण्याचा हात बसत चालला होता, पण घरात आल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना घाईत लिहिलेलं लागत नव्हतं. म्हणून भाचीनं त्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं असं ठरलं. आणि भाचीला त्याचं मराठी वाचता येईना.

आमच्याकडे, माळव्यातल्या मराठी घरांत, हे असंच आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण मुलं शिकली सगळी हिंदीत. अक्षरं तीच, तरी मराठी ओळ समोर आली की अडखळतात. भाची "माझ्याजवळ" वाचताना थांबायची, "ठेवलंस" वाचताना थांबायची. जे शब्द ती लहानपणापासून रोज बोलत आली, ते कागदावर तिला ओळखू येत नव्हते. आणि दादाचं अक्षर म्हणजे शिंप्याच्या खडूचं अक्षर, एकातून दुसरं निघणारं. दादाची चिडचिड व्हायला लागली. मग त्यानं तिच्यासाठी हिंदीत लिहायला सुरुवात केली. ते तिला भराभर वाचता यायचं.

एक दिवस तिनं कागद बाजूला ठेवला आणि मला फोन केला. "आत्या, बाबा मुझसे हिंदी में लिखते हैं ना, तर असं वाटतं की कुणी दुसराच माणूस आहे. बाबा माझ्याशी कधी हिंदीत बोललेच नाहीत."

मी म्हणाले, "हे त्यालाच सांग."

तिनं सांगितलं. दादानं कोरा कागद पुढे ओढला. मग त्यानं मराठीत लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून, पहिलीच्या पोराला कित्ता द्यावा तसं. "चहा कर. साखर कमी टाक." तिनं ते न थांबता वाचलं, आणि चहा करायला गेली ती आत जाऊन रडली.

त्याच सुमाराला तिनं त्याला मोबाइलवर एक सोय करून दिली. टाइप केलं की मोबाइल बोलून दाखवतो. दादानं जाड अंगठ्यानं शोधून शोधून काही तरी टाइप केलं आणि एका बाईचा ठणठणीत, बातम्या दिल्यासारखा आवाज खोलीभर झाला. दादानं मोबाइल उलटा ठेवला आणि माझं पेन उचललं. लिहिलं, "ही कोण माझ्या घरात बोलतेय?" वहिनी हसल्या. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. मोबाइलचा तो प्रयोग तिथंच संपला.

मी रविवारी देवासहून बसनं इंदूरमार्गे धारला जायचे आणि दर वेळी नवं पेन नेऊन द्यायचे. तो ते तपासून घ्यायचा, कापड बोटांत चोळून बघतात तसं. बारीक निबेचं पेन त्याला आवडलं नाही. त्यानं लिहिलं, "कुजबुजल्यासारखं वाटतं." जाड निबेचं आवडलं, कारण ते लांबून वाचता येतं. झाकलेल्या निबेचं चिनी पेन त्यानं गिऱ्हाइकांसाठी ठेवलं, कारण ते बराच वेळ उघडं राहिलं तरी सुकत नाही आणि समोरचा बोलत असेपर्यंत तयार असतं. घरात मात्र त्याला ड्रॉपरनं भरायचं जाड पेन हवं असायचं. त्यात शाई खूप मावते. "बोलता बोलता संपत नाही," त्यानं लिहिलं होतं. मला हे सगळं वाचताना आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाजही वाटायची. माझ्या नादाला सोबती मिळाला होता, पण कशापायी मिळाला होता!

शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, इंदूरच्या फेऱ्या संपल्या आणि दादा पुन्हा दुकानात बसू लागला. आता माप घेऊन तो स्वतःच लिहायचा. लोक येत होते, पण बसत नव्हते. काही जण त्याला ऐकूही येत नाही असं समजून मोठ्यानं ओरडायचे. काही जण वहिनींशीच बोलायचे, जणू दादा तिथं नाहीच. तो खिशातून पेन काढायचा, तोवर ते निघालेले असायचे.

एकदा जवळच्या तिरला गावचा एक म्हातारा नातवाच्या लग्नासाठी स्वतःच्या कुर्त्याचं कापड घेऊन आला. पांढरंशुभ्र सुती कापड. दादानं ते टेबलावर पसरलं, खिशातलं ड्रॉपरचं पेन काढलं आणि बाह्यांविषयी काही तरी लिहायला लागला. त्या पेनांची एक खोड असते. आत शाई थोडी उरली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाईचा थेंब बाहेर ढकलते. तसंच झालं. टपोरा निळा थेंब कापडाच्या मधोमध पडला आणि बघता बघता पसरला.

वहिनी पाणी आणायला धावल्या. दादा उभाच राहिला. एरवी त्यानं हात जोडून, हसून, चार गोष्टी सांगून तो माणूस शांत केला असता. आता त्याचे ओठ हलत होते आणि गळ्यातून नुसती हवा येत होती. म्हाताऱ्यानं कापड बघितलं, मग दादाकडे बघितलं. म्हणाला, "कईं बात नी, भिया. जेब के नीचे ले लो. कुण देखे?"

दादानं बेतलं तसंच. डाग खिशाखाली गेला, कुर्ता झाला, म्हातारा घेऊन गेला आणि तक्रार केली नाही. पण दादानं त्या दिवशी सगळी पेनं गोळा करून घरच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि लिहिणं बंद केलं.

त्यानं लिहिणं बंद केलं म्हणजे बोलणंच बंद केलं. भूक लागली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. माप घ्यायचा, बोटांनी आकडा दाखवायचा. विचारलं तर मान हलवायचा. घरात टीव्हीचा आवाज तेवढा असायचा. भाचीनं फोनवर सांगितलं, "आत्या, तुम्ही या."

मी गेले. दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती, दादाचं ताट जवळजवळ तसंच उरलं होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, दोन घास तरी. घशाला लागत असेल तर पातळ करून देते."

दादा उठला, ड्रॉवर उघडला, हाताला आलं ते पेन घेतलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. भराभर, उभं राहूनच. निब रुतत होती, शाईचे शिंतोडे उडत होते. मी त्याला दाबू नको म्हणायचं विसरून गेले. त्यानं तो कागद भाचीसमोर धरला.

भाचीनं वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं. मग कागद पालथा घातला.

"हे मी वाचणार नाही," ती म्हणाली.

दादानं कागद सरळ केला आणि त्यावर बोट आपटलं.

"नाही वाचणार, बाबा. काय करायचं ते करा."

त्या क्षणाचा दादाचा चेहरा मला अजून दिसतो. माणसाला बोलायचं असतं, त्यानं बोललेलंही असतं, आणि ते ज्याच्या तोंडून बाहेर पडणार तोच नकार देतो. त्यानं कागद माझ्यापुढे केला. मी वाचला. लिहिलं होतं, "मला विचारून सही करायची होती. मी शुद्धीत असतो तर नाही म्हणालो असतो. असं जगवून काय मिळवलं?"

ते खरं नव्हतं. त्याला विचारलं होतं, त्याची स्वतःची सही होती, वहिनींची खाली होती. हे त्यालाही माहीत होतं. मी कागद पुन्हा पालथा घालायला गेले.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "इकडे द्या."

त्यांनी कागद घेतला, दारातल्या उजेडात गेल्या आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरून एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. ओठ हलत होते. फार वेळ लागला. दादाला तेवढा वेळ उभं राहावं लागलं. बोललेलं वाक्य तोंडातून निघतं आणि जातं. हे वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या बायकोच्या ओठांवर, अक्षर अक्षर करून पुन्हा घडत होतं, आणि त्याला ते मागे घेता येत नव्हतं. अर्ध्यात त्यानं कागद ओढून घ्यायला हात पुढे केला. वहिनींनी दिला नाही. शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि त्याच्याकडे वळल्या.

"सही मी केली," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा डॉक्टरांनी कागद पुढे केला तर पुन्हा करीन. तुम्हाला विचारूनही करीन, न विचारताही करीन. तुमचा आवाज गेला, मला माहीत आहे. मला तो तुमच्यापेक्षा जास्त ऐकू यायचा. पण मला नुसता आवाज नको होता हो."

मग त्यांनी ताट उचललं आणि खिचडी पातळ करायला आत गेल्या. दादा खाली बसला. भाची त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींनी खिचडी आणून दिली ती त्यानं सगळी खाल्ली. घास अडकत होता, पाणी पिऊन पुन्हा खात होता.

त्यानंतर सगळं एकदम नीट झालं असं नाही. पण त्यानं पेनं ड्रॉवरमधून बाहेर काढली. मी त्याला शाळेतल्या मुलांची, पाण्यानं धुतलं की निघणारी निळी शाई आणून दिली. दुकानात तीच वापरायची असं ठरलं. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना त्यानं दोऱ्याला लावतात ते मेण लावलं, त्यामुळं झिरपणं थांबलं. शाई अर्ध्यावर आली की लगेच भरायची, म्हणजे थेंब टाकत नाही, हे मी शिकवलं. टेबलाच्या कडेला त्यानं लिहायची एक पाटी ठोकली, कापडापासून लांब. आणि गिऱ्हाईक आलं की आधी दाखवायला दोन ओळी लिहून तयारच ठेवल्या, जाड निबेनं, मोठ्या अक्षरात, हिंदीत: "मैं सुन सकता हूँ। बैठिए।" लोक पुन्हा बसायला लागले. सगळे नाही, पण काही.

भाची आता त्याचं मराठी सरळ वाचते, तो पुढची ओळ लिहीत असतानाच. रागावून लिहिलेलं ती रागावून वाचते. वहिनींचा मोतीबिंदू काढला, तरी त्या म्हणतात, तूच वाच. तिची नोकरी इंदूरला लागली आहे आणि ती रोज जाऊन येऊन करते. कधी तरी ती इथं नसेल, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. त्याबद्दल अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

दादा अन्ननळीत हवा घेऊन ढेकरेसारखा आवाज काढायलाही शिकला आहे. इंदूरला त्याची शिकवणी असते. त्या आवाजात त्याला थोडे शब्द येतात, तेही दमल्यावर येत नाहीत. बाकी सगळं पेनानंच.

मागच्या हिवाळ्यात मी दुकानात बसले होते, तेव्हा गंधवानीकडचा एक माणूस बायकोबरोबर आला. दादाएवढ्याच वयाचा. गळ्याला मळकं फडकं गुंडाळलेलं. इंदूरच्या त्याच डॉक्टरांनी पत्ता देऊन पाठवलं होतं, की यांना भेटा, यांचंही हेच ऑपरेशन झालं आहे. दादाला खूप बरं वाटलं. त्यानं लगेच चांगलं जाड पेन भरून त्याच्यापुढे ठेवलं, कागद सरकवला.

त्या माणसानं पेनाकडे बघितलं, हात मांडीवरच ठेवले. बायको म्हणाली, "इनको लिखना नहीं आता, भैया. मुझे भी नहीं आता."

दादा थांबला. त्यानं पेन उचलून टोपण लावलं. मग स्वतःच्या गळ्यावरचं कापड बाजूला करून त्याला भोक दाखवलं. त्या माणसानंही आपलं फडकं सोडलं. दोघं एकमेकांचे गळे बघत बसले. कुणाला घाई नव्हती. दादानं मशीनवर बसून मऊ मलमलीचे चौकोनी पडदे शिवले, वर नाडी लावली, तो स्वतः बांधतो तसे. एक त्याच्या गळ्यात बांधून दिला, बाकीचे घडी करून बायकोच्या पिशवीत ठेवले. मग समोर बसून त्यानं हवा गिळली आणि त्या जाड, तुटक आवाजात म्हटलं, "आ."

त्या माणसानं प्रयत्न केला. नुसती हवा आली. दादानं पुन्हा करून दाखवलं. बराच वेळ ते चाललं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या, तो निवला. शेवटी त्या माणसाच्या गळ्यातून अगदी बारीक, अर्धवट असं काही तरी निघालं आणि त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

ते दोघे बस पकडायला गेल्यावर दादानं कागद पुढे ओढला आणि लिहिलं, "छोटे, याच्या खेड्यात याला कोण शिकवणार?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, दादा."

त्यानं मान हलवली. बाहेर वहिनी दुकानाचं शटर अर्धं ओढत होत्या. आम्ही उठून शटरला हात लावला आणि जेवायला घरी गेलो.